दर्शनी भिंतीचा रंग

मी एक जुनी भिंत आहे. विटांची, दर्शनी. कॅसलरॉक स्टेशनाकडून सुप्याकडे जाणारी गाडीवाट जिथे जंगलात शिरते, तिथे डाव्या हाताला यशवंताचे घर आहे, त्या घराची मी वाटेकडची बाजू. मित्रांनो, माझा रंग कोणता असे कोणी विचारले, तर मला अजूनही चटकन उत्तर देता येत नाही. आज लोक मला लाल म्हणतात. मधली काही वर्षे हिरवी म्हणत होते. एकदा तर मी पांढरी होता होता राहिले.

जे घडले ते जसे पाहिले तसे सांगते. त्यातले काही मला तेव्हा कळले नाही आणि काही आजही कळलेले नाही. भिंतीला एकाच बाजूचे दिसते. माझ्यासमोर अंगण आहे, विहीर आहे आणि वाट आहे. पाठीमागे घरात काय चालते ते फक्त ऐकू येते, तेही खिडकी उघडी असेल तर. त्यामुळे माझी गोष्ट थोडी अर्धवट वाटली तर राग मानू नका.

माझा जन्म इथला नाही. खानापूरला मलप्रभेच्या काठी चिकण माती आहे. ती पायांनी तुडवून, साच्यात घालून, उन्हात वाळवून आम्हांला भट्टीत रचले. हो, तेव्हा मी ‘मी’ नव्हते, आम्ही होतो, हजारो विटा. भट्टीत गेलो तेव्हा मातकट होतो आणि बाहेर आलो तेव्हा लाल. हा रंग मातीचा की आगीचा, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

यशवंत खानापूरचा मराठा. कॅसलरॉकला रेल्वे आली, जंगलात लाकूडतोड वाढली, तेव्हा तो बायकोला आणि लहान मुलाला घेऊन इकडे आला आणि स्टेशनाजवळ तांदूळ-गुळाचे दुकान थाटले. काही वर्षांनी त्याने घर बांधायला काढले. इथली बाकीची घरे कुडाची आणि गवताने शाकारलेली. यशवंताने मात्र गावाकडून मालगाडीने विटा आणवल्या. परशू नावाच्या गवंड्याने आम्हांला चुन्यात बसवून ओळीने उभे केले आणि आम्हा सगळ्यांची मिळून मी एक भिंत झाले.

परशू शहाणा होता. शेवटचा थर चढला तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, वरनं गिलावा मारूया. हितला पाऊस विटंला सुखानं ऱ्हाऊ द्यायचा न्हाई.”

“न्हाई,” यशवंत म्हणाला. “खानापूरची माती हाय. दिसू दे लोकांस्नी.”

लोकांना ती दिसली. लाकूडतोडे, गाडीवान, गोव्याच्या गाडीला उशीर झाला म्हणून पाय मोकळे करायला निघालेले उतारू, सगळे थांबून माझ्याकडे बघायचे. यशवंताची बायको रुक्मिणी रोज सकाळी अंगण सारवून झाले की दोन पावले मागे जाऊन मला न्याहाळायची. तिचा मुलगा अर्जुन तेव्हा सहा वर्षांचा असेल. तो माझ्यावर चेंडू मारून झेलत बसायचा. ती माझी सुखाची वर्षे. दोन असतील, फार तर तीन.

परशू म्हणाला होता ते खरे झाले. घाटमाथ्यावरचा पाऊस ज्येष्ठात येतो आणि दसरा जवळ आला तरी पाय काढत नाही. चार महिने माझ्या अंगावरून पाणी वाहायचे. पहिल्यांदा रंग विटला. मग लोणा लागला. लोणा म्हणजे विटांमधून बाहेर येणारे खारट पांढरे पीठ. मग शेवाळ आले आणि सांध्यांत नेचे उगवले. उन्हाळ्यात मी मळकट पांढरी दिसायची आणि पावसात हिरवीगार. कोणी थांबून बघेनासे झाले. रुक्मिणी अंगण सारवून सरळ आत जायची. मी कुरूप झाले याचे दुःख होते, पण त्याहून जास्त कोडे पडले होते. मी तीच होते ना? एकही वीट बदलली नव्हती.

अर्जुन मोठा झाला. बेळगावला पलटणीत भरती चालू होती, कुठेतरी दूर मोठी लढाई जुंपली होती. तो भरती झाला आणि आषाढात चार दिवसांच्या रजेवर निरोप घ्यायला आला. जाताना डोक्यावर घोंगडी घेऊन पावसात अंगणात उभा राहिला आणि बराच वेळ घराकडे बघत होता. मी तेव्हा बुडापासून वळचणीपर्यंत हिरवी होते. मला वाटले, कशाला बघतोस बाबा, बघण्यासारखे आता काय आहे?

त्याची पत्रे समुद्रापलीकडच्या बसऱ्याहून यायची. यशवंत ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा, म्हणून मला ऐकू यायचे. एका पत्रात होते की इकडे नुसती वाळू आहे, झाड नाही, पाऊस नाही, आणि डोळे मिटले की आपले घर दिसते.

“कसं दिसतंय ते न्हाई लिवलं?” रुक्मिणीने विचारले.

“घर म्हंजे घर. ते काय लिवायचं?” यशवंत म्हणाला आणि पत्राची घडी घातली.

मग पत्रे थांबली. सात महिन्यांनी एक कागद आला. तो इंग्रजीत होता, म्हणून स्टेशनातल्या कारकुनाला बोलावले. त्याने वाचून सांगितले, अर्जुन बेपत्ता आहे.

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. बेपत्ता म्हणजे ज्याला पत्ता नाही तो. पण अर्जुनाचा पत्ता तर मी होते. प्रत्येक पत्रावर माझेच ठिकाण लिहिलेले असायचे. मी इथे उभी असताना तो बेपत्ता कसा, हे मला काही केल्या समजेना. रुक्मिणीलाही समजले नसावे. तिने कारकुनाला विचारले, “म्हंजे गेला का हाय?”

“ते यात लिहिलेलं नाही, बाई,” कारकून म्हणाला.

लढाई संपल्याची बातमी आली. पलटणी परत आल्या. पुढच्या दोन वर्षांत गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून कितीतरी खाकी कपड्यांतले लोक गेले, पण आमच्या वाटेला कोणी वळले नाही. यशवंत दुकानात कमी आणि ओट्यावर जास्त बसू लागला. एका माघात तो रुक्मिणीला म्हणाला, “आपण खानापूरला जाऊया. भाऊबंद हायत तिकडं. हितं कुणासाठी ऱ्हायचं?”

रुक्मिणी सुपात तांदूळ पाखडत होती. ती थांबली नाही.

“लाकडाचा ठेकेदार घर घ्याला तयार हाय,” यशवंत पुढे म्हणाला. “फकस्त त्याला भायेरनं पांढरं करून पायजे. चुना मारला की झालं.”

तेव्हा सूप थांबले. “पांढरं केलं तर त्यो आल्याव वळखंल कसा?”

“रुक्मे, त्यो येणार न्हाई.”

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोलले गेले. रुक्मिणीने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, “कागदात तसं न्हाई लिवलेलं.”

“मग काय करू म्हणतीस?”

“लाल करूया. पयली हुती तशी. त्यो भित्तीवर चेंडू हाणायचा तवा हुती तशी. पोराच्या मनात तेच घर आसणार.”

यशवंताने माझ्याकडे पाहिले. पाच वर्षांत त्याने असे नीट पाहिले नव्हते. “ह्या भित्तीवर रंग टिकंल?” तो म्हणाला. “बरं. एक पावसाळा. एका पावसाळ्यात टिकला तर ऱ्हाऊ, त्यो येस्तोवर ऱ्हाऊ. न्हाई टिकला तर दसऱ्याला गाडी जुपायची. मग मला आडवायचं न्हाई.”

“न्हाई आडवणार,” रुक्मिणी म्हणाली.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल याचा विचार करा. त्या दोघांनी आपले सगळे पुढचे आयुष्य माझ्या अंगावर टाकले होते, आणि मला कोणी विचारले नव्हते. रंग टिकवणे भिंतीच्या हातात असते का? मला तर तेही माहीत नव्हते.

यशवंताने लोंढ्याहून झिलू नावाचा रंगारी आणला. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने वरवरचे शेवाळ खरवडले आणि तेलात कालवलेला लालभडक रंग माझ्यावर जाड फासला, विटांवर आणि सांध्यांवर सारखाच. दोन दिवसांत मी नव्या गाडीच्या डब्यासारखी चकाकू लागले. वाटेवरचे लोक थांबले. रुक्मिणी दोन पावले मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आले. मीही खूश व्हायला हवे होते. पण मला आतून कोंडल्यासारखे होत होते. अंगात साठलेले काहीतरी बाहेर येऊ पाहत होते आणि दार लावलेले होते.

तीन आठवड्यांत माझ्या अंगावर फोड आले. मग फोड फुटले आणि रंगाचे पापुद्रे पापडासारखे सुटून अंगणात पडू लागले. पापुद्र्यांमागे तोच पांढरा लोणा होता. झिलू येऊन बघून गेला. “भित्तीतच खोड हाय,” तो म्हणाला. “माझ्या रंगात न्हाई.” मला फार शरम वाटली. यशवंताने त्याच दिवशी बैलगाडीच्या चाकांची लोखंडी धाव बदलायला टाकली, खानापूरच्या वाटेसाठी.

गिरजा याच सुमारास आली. ती जंगलातल्या कुणबी वाडीची, रुक्मिणीच्याच वयाची. हिरडा, शिकेकाई आणि मध घेऊन यायची आणि दुकानातून मीठ आणि गूळ घेऊन जायची. डोक्यावरची पाटी उतरवून ती ओट्यावर टेकली आणि तिने सहज माझ्यावर तळहात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही. मग दुसरीकडे ठेवला, मग खाली, पायाशी.

“अक्का,” ती म्हणाली, “हात लावून बग. फागुनाच्या उनात भिंत थंडगार हाय.”

रुक्मिणीने हात लावला.

“गेल्या सालचा पाऊस आजून आतच हाय तिच्या. वरनं त्याल फासलंस, त्यानं बाहीर पडायचं कुठनं? आदी तिला वाळू दे. मग रंगाचं बगू.”

एवढ्या वर्षांत मला लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. हाताने कोणी पाहिले नव्हते. मला काय होत होते ते मलाही नीट सांगता आले नसते, आणि ही बाई नुसता हात ठेवून ते बोलली. त्याचेही मला नवल वाटले.

त्या दोघींनी काम हाती घेतले. यशवंत ओट्यावरून बघायचा, हो म्हणायचा नाही आणि नकोही म्हणायचा नाही. पहिल्यांदा त्यांनी विळ्याच्या पाठीने तेलाचा उरलेला रंग काढला. लोणा पाण्याने धुवायचा नाही, गिरजा म्हणाली, पाण्याबरोबर तो परत आत जातो. म्हणून काथ्याच्या कुंच्याने तो कोरडाच झाडला. माझ्या पायाशी रुक्मिणीने अबोलीचा वाफा केला होता. त्याची माती माझ्या अंगाला टेकली होती आणि तिथूनच ओल चढत होती. रुक्मिणीने स्वतःच्या हाताने अबोली उपटून कुंपणाशी लावली आणि वाफ्याच्या जागी पाणी वाहून जायला चर खणला. वरची फुटकी पन्हळ बदलली. मग त्या थांबल्या. चैत्र गेला, वैशाख अर्धा गेला. उन्हात माझ्या अंगातून काहीतरी हळूहळू निघून जात राहिले. मी हलकी झाले. गिरजा आठवड्याने यायची, हात ठेवायची आणि म्हणायची, “आजून न्हाई.” एक दिवस तिने हात ठेवला आणि म्हणाली, “आता तापली.”

आता प्रश्न आला रंग कोणता. पहिल्यासारखा म्हणजे कसा? रुक्मिणी म्हणायची कुंकवासारखा होता. यशवंत म्हणायचा, नाही, जास्वंदीसारखा. मला विचाराल तर मला काहीच आठवत नव्हते. शेवटी रुक्मिणीला उजव्या खिडकीची झडप आठवली. तिची बिजागरी घर बांधले त्याच वर्षी गंजून अडकली होती आणि झडप तेव्हापासून उघडीच, माझ्या अंगाला चिकटून होती. तिच्यामागे ना ऊन पोहोचले होते ना पाऊस. यशवंताने पहार घालून झडप उचकटली.

मागे बारा-पंधरा विटा होत्या, अगदी पहिल्या दिवसासारख्या. तिघेही बघत राहिले. तो रंग कुंकवासारखा नव्हता आणि जास्वंदीसारखाही नव्हता. पिकलेल्या सुपारीच्या सालीसारखा होता, पिवळसर लाल, थोडा मऊ.

“आसा हुता व्हय?” रुक्मिणी म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

मलाही तो ओळखू आला नाही. माझ्याच अंगाचा तुकडा होता, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखी बघत होते.

गिरजाने जंगलातल्या ऐनाच्या झाडाची साल आणली. ती तांब्याच्या हंड्यात दिवसभर उकळून तिचा काढा केला, त्यात पाट्यावर बारीक वाटलेली काव, म्हणजे तांबडी माती, घातली आणि चिकटायला थोडा डिंक. आधी त्यांनी माझ्या कोपऱ्यात सात ठिपके लावले, कमीजास्त काव घालून, आणि ते वाळल्यावर झडपेमागच्या विटांशी ताडून पाहिले. चौथा जुळला. मग त्या एकेक वीट रंगवू लागल्या. चुन्याचे सांधे सोडून, फक्त विटा. रंग पाण्यासारखा पातळ होता. एक हात दिला की वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. अकरा दिवस लागले. झिलूचा रंग माझ्या अंगावर बसला होता. हा अंगात उतरला. तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, हे मला कळेना, आणि पहिल्यांदाच ते न कळणे मला बरे वाटले.

मग पाऊस लागला.

रुक्मिणी रोज डोक्यावर घोंगडी घेऊन अंगणात यायची आणि मला वरपासून खालपर्यंत बघून जायची. ज्येष्ठ गेला. आषाढात सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही. रंग धरून होता. पण श्रावणात पायरीजवळच्या कोपऱ्यात, जिथे ओट्यावरचे पाणी उडून लागायचे, तिथल्या विटा फिकट होऊ लागल्या. रुक्मिणीच्या ते लक्षात आले. तिने तिथे हात फिरवला आणि घाईने पदराला पुसला, जणू कोणी बघू नये. मी अंग आवळून धरायचा प्रयत्न केला. भिंतीला ते येत नाही.

भाद्रपदात गिरजाची सून पारू बाळंत व्हायची होती. रुक्मिणी दोन दिवसांसाठी वाडीवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली, आणि यशवंत दुकान सोडून घरी आला. तो इकडेतिकडे बघत घरातून उरलेल्या रंगाचे मडके घेऊन आला. मला वाटले, हा आता माझ्यावर काहीतरी ओतणार आणि सगळे बिघडवणार. त्याला जायचेच होते ना खानापूरला? गाडीची धावसुद्धा नवी करून ठेवली होती.

यशवंत पायरीशी उकिडवा बसला. कुंचा त्याला सापडला नाही, म्हणून त्याने हातानेच रंग घेतला आणि त्या फिकट विटांवर चोळू लागला. रंग घट्ट झाला होता. त्याने विटा रंगवल्या आणि सांधेही रंगवले, कारण सांधे सोडायचे असतात हे त्याच्या लक्षातच आले नाही. मध्येच तो थांबला आणि तसाच तळहात माझ्यावर टेकून बसून राहिला. मग उठून विहिरीवर गेला आणि राखेने हात घासू लागला, पुन्हा पुन्हा.

जो माणूस जायचे म्हणत होता, त्यानेच मी टिकावे म्हणून चोरून रंग दिला. मित्रांनो, मी यावर फार विचार केला आहे. मला वाटते त्यालाही त्या क्षणी आपण काय करतो आहोत हे ठाऊक नव्हते.

रुक्मिणी परत आली. पारूला मुलगी झाली होती. ती गडबडीने अंगणात शिरली आणि पायरीपाशी थबकली. तो कोपरा बाकीच्या भिंतीपेक्षा गडद होता आणि सांधे लाल होते. ती वाकून बघत राहिली. मग तिने ओट्यावर बसलेल्या यशवंताकडे पाहिले. त्याच्या धोतराच्या काठाला लाल डाग होता.

यशवंत वाटेकडे बघत होता.

“जेवाया वाढू?” रुक्मिणीने विचारले.

“वाढ,” तो म्हणाला.

दसऱ्याला यशवंत अंगणात उभा राहिला. त्याने मला वरून खाली पाहिले, त्या कोपऱ्यावर मात्र नजर थांबवली नाही. “टिकला की,” तो म्हणाला. “टिकला,” रुक्मिणी म्हणाली. गाडी काही जुंपली गेली नाही.

त्यानंतरच्या माघातली गोष्ट. उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या सकाळपासून वाटेने चालल्या होत्या. काही कानडी बोलणारे, काही मराठी. विहीर बघून लोक पाण्याला थांबायचे, आणि पाणी पिता पिता माझ्याकडे बघून विचारायचे, कुणाचे हे लाल घर? रुक्मिणीने त्या दिवशी वीस-पंचवीस घागरी तरी काढल्या असतील.

दुपारी एक माणूस स्टेशनाकडून चालत आला. काडीसारखा वाळलेला, दाढी वाढलेली, डोक्यावर फाटके कांबळे. तो माझ्यासमोर थांबला, मान हलवली आणि पुढे गेला. थोड्या वेळाने परत आला, पुन्हा थांबला, पुन्हा पुढे गेला. त्याची चाल मला ओळखीची वाटली. पण खात्री वाटेना. माझी स्वतःच्या रंगाबद्दल खात्री नव्हती, तिथे दुसऱ्याच्या चालीची काय असणार? तो तिसऱ्यांदा आला आणि विहिरीकडे वळला. रुक्मिणी पाठमोरी दोर ओढत होती.

“पानी मिळंल का, अक्का?” त्याने विचारले. आवाज घोगरा होता, आजारातून उठलेल्या माणसासारखा.

“घागर वर येऊ दे. देते.”

“घर कुणाचं म्हणायचं ह्ये?”

रुक्मिणीने मागे न बघता उत्तर दिले. सकाळपासून विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने हेच उत्तर दिले होते. “अर्जुनाचं,” ती म्हणाली.

तो माणूस काही बोलेना. पाणी मागणारा इतका वेळ गप्प राहत नाही, म्हणून रुक्मिणीने मान वळवली. तिने दोर सोडला नाही. घागर पुरती वर ओढली, विहिरीच्या काठावर नीट ठेवली, आणि मग त्याच्या तोंडावरचे कांबळे बाजूला केले.

त्या दोघांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. बहुतेक काही झालेच नसावे. जत्रेतल्या एका गाडीवानाने दुकानात जाऊन सांगितले, आणि यशवंत अनवाणी पळत आला.

अर्जुन शत्रूच्या कैदेत होता, मग लांबच्या कुठल्यातरी इस्पितळात तापाने पडून होता. तो ओट्यावर बसून ते थोडे थोडे सांगत होता. मग म्हणाला, “मी दोनदा म्होरं गेलो, आई. आपलं घर हिरवं हुतं. भित्तीवर शेवाळ, मधनं नेचं उगवलेलं. तितं वाळूत रोज मी तेच आठवायचो. लाल भिंत बगून म्हटलं, अण्णांनी घर इकलं. मागारीच जाणार हुतो.”

रुक्मिणीने यशवंताकडे पाहिले. यशवंताने माझ्याकडे पाहिले. आणि मी, मित्रांनो, कुठे बघू? त्याने ओळखावे म्हणून जो रंग इतक्या कष्टाने दिला, त्याच रंगाने तो दारातून परत जाणार होता. ज्या रूपाची मला वर्षानुवर्षे लाज वाटली, ते त्याने डोळे मिटून जपले होते. मग माझा रंग कोणता खरा? खूप दिवस मी याच विचारात होते.

वैशाखात रुक्मिणीने पुन्हा हंडा काढला. गिरजा ऐनाची साल घेऊन आली. अर्जुन तोवर अंगाने भरला होता. तो म्हणाला, “आई, आता कशाला? मी आलो न्हवं?”

“तुज्यासाठी न्हाई,” रुक्मिणी म्हणाली. “इतकी वर्सं पावसात हुबी हाय ती. तिच्यासाठी.”

“मग तिला इचार तरी, लाल पायजे का हिरवी.”

अर्जुन थट्टेने म्हणाला होता. पण रुक्मिणीने खरोखरच माझ्यावर हात ठेवला आणि क्षणभर थांबली. तोवर मला यशवंताच्या गावासाठी उघडी ठेवली होती, ठेकेदारासाठी पांढरी करायला निघाले होते, अर्जुनासाठी लाल केली होती. माझ्यासाठी म्हणून कोणी काही केले नव्हते. मला उत्तर देता आले नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग कुंचा उचलून कोरडा लोणा झाडायला सुरुवात केली. अर्जुनाने चर साफ केला. एका कोपऱ्यात नव्याने उगवलेले नेचे मात्र त्याने उपटू दिले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घराला अशी एखादी भिंत असेल, विटलेली, लोणा लागलेली. तिच्यावर जाड रंग फासून तिला गप्प करू नका. आधी तळहात ठेवून बघा. ती थंड असेल तर ओल कुठून येते ते शोधा, पायाशी टेकलेली माती ओढा, तिला ऊन मिळू द्या आणि वाळेपर्यंत धीर धरा. आणि इतके सगळे करूनही कोणता रंग द्यावा हे कळले नाही, तर तिला एकदा विचारा आणि थोडे थांबा. आमचे उत्तर यायला वेळ लागतो. माझे अजून यायचे आहे.